ऐका, गिधाड!

दोस्तांनो, ब्राझीलचं संगीत म्हणजे नुसता बोसा नोव्हाचा झुलता ठेका, असं समजू नका हं! तो ठेका जगभर नेणाऱ्यांपैकी एक आंतोनियो कार्लोस जोबिम. त्यांचीच १९७६ ची 'उरुबू' ही तबकडी ऐका. उरुबू म्हणजे काळं गिधाड! सुरुवातीलाच बेरिंबाऊ टणटणतं. धनुष्य, एक तार, एक भोपळा, बस्स! दुसऱ्या बाजूला मात्र गाणंच नाही. नुसता क्लाउस ओगरमान यांनी सजवलेला वाद्यवृंद. हातखंडा ठेका बाजूला ठेवायला केवढा धीर लागला असेल! 'साउदाजी दो ब्राझील'मध्ये व्हायोलिनं इतकी सावकाश सरकतात, की आधी चक्क कंटाळा येईल. येऊ दे. साउदाजी म्हणजे दुरावलेल्याची हुरहुर. ती घाईत कशी वाजणार? मला तर हीच बाजू जास्त आवडते. घरच्यांनी 'हे काय लावलंय?' विचारलं, तर बिनधास्त सांगा, 'गिधाड!'