दहा वर्षांचा करार आणि पप्पांचं रजिस्टर

२०२२ साली मी नोकरीसाठी ब्रिस्बेनला आलो, तेव्हा सोमवारच्या स्टँडअपमध्ये पहिली दहा मिनिटं मला काहीच कळायचं नाही. सगळे ‘फूटी’बद्दल बोलत असायचे. मला वाटायचं फुटबॉल. मग कळलं की क्वीन्सलंडमध्ये फूटी म्हणजे रग्बी लीग. आमच्या टीममधला एक सहकारी टाउन्सव्हिलचा, म्हणजे इथून उत्तरेला तेराशे-साडेतेराशे किलोमीटर. तो नॉर्थ क्वीन्सलंड काउबॉईजचा कट्टर चाहता. सामना हरले की सोमवारी त्याच्याशी कोड रिव्ह्यूबद्दल बोलायचं नाही, असा अलिखित नियम होता.

त्याने पहिल्यांदा सामना दाखवला तेव्हा मी म्हणालो, अरे, ही तर कबड्डी आहे. तो हसला. पण मी अगदीच चुकीचं बोललो नव्हतो. रग्बी लीगमध्ये दोन्हीकडे तेरा-तेरा जण. बॉल ज्यांच्याकडे, त्यांना सहा पकडी मिळतात. प्रत्येक पकडीनंतर उठायचं, बॉल पायाने मागे ढकलायचा, पुन्हा सुरू. सहा पकडी संपल्या की बॉल समोरच्यांचा. यातले जे फॉरवर्ड असतात, त्यांचं काम सगळ्यात कमी देखणं. आपल्या टोकाला बॉल घ्यायचा, समोरच्या भिंतीवर सरळ जाऊन आदळायचं, दहा-बारा मीटर कमवायचे, तीन जणांच्या खाली पडायचं, उठायचं. समोरच्यांची पाळी आली की त्यांना पाडायचं. टाळ्या शेवटी गुण करणाऱ्याला. फॉरवर्डच्या वाट्याला येतात ते मीटर आणि मार.

काउबॉईजचा असा एक फॉरवर्ड आहे, जेसन टाउमालोलो. जन्म ऑकलंडचा, वंशाने टोंगन, शाळकरी वयात टाउन्सव्हिलला आलेला. २०१० साली, सतराव्या वर्षी तो या क्लबकडून पहिला सामना खेळला. २०१५ला क्लबने पहिल्यांदा स्पर्धा जिंकली. अंतिम सामन्यात ब्रिस्बेनला १७-१६ने हरवलं, तेही जादा वेळेत. तेव्हा हा संघात होता. २०१६ला वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचं डॅली एम पदक त्याला आणि कूपर क्रॉन्कला विभागून मिळालं. आणि २०१७ला क्लबने त्याच्याशी दहा वर्षांचा करार केला. २०२७च्या शेवटापर्यंत. बातम्यांमध्ये आकडा आला होता साधारण एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर.

दहा वर्षं! ज्या खेळात माणूस दर आठवड्याला भिंतीवर आदळतो, त्या खेळात. सही करताना तो तेवीस वर्षांचा होता. करार संपेल तेव्हा चौतीस.

पुढे काय झालं ते कुणीही सांगू शकलं असतं. गुडघे बोलू लागले. २०२१ला टॉड पेटन हे नवे प्रशिक्षक आले, त्यांनी त्याची मैदानावरची मिनिटं कमी केली आणि त्याबद्दल ते उघडपणे बोललेही. एके काळी एका सामन्यात दोनशे मीटरच्या वर धावणारा माणूस आता थोडा वेळ खेळून बाकावर बसताना दिसतो. माझा सहकारी दर सोमवारी तेच विचारतो: उरलेल्या वर्षांचं काय करायचं? क्लब त्याला ठेवणार की सोडायला सांगणार? त्याचं म्हणणं चुकीचं नाही. या लीगमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे क्लबने खेळाडूंवर एकूण किती खर्च करायचा याला मर्यादा. एका थकलेल्या माणसाला जातो तो पैसा कुठल्या तरी विशीतल्या पोराला मिळत नाही.

मी इंजिनिअर. मी एक शीट बनवली. आडव्या अक्षावर वर्षं, एक रेषा त्याच्या मीटरची, एक रेषा पगाराची. खरा पगार वर्षानुवर्षं कसा विभागलाय ते मला माहीत असण्याचं कारण नाही, म्हणून एक कोटी भागिले दहा केलं. मीटरची रेषा खाली आली, पगाराची रेषा सपाट राहिली. दोघींच्या मधला भाग मी लाल रंगाने भरला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. खूप हसणारे इमोजी आले. टाउन्सव्हिलवाल्याने लिहिलं, हे क्लबला पाठव.

त्या रात्री भांडी घासताना मला तो लाल भाग आठवत राहिला. तो मी आधी कुठेतरी पाहिला होता.

माझे पप्पा कबड्डी खेळायचे. डावा कोपरा. १९८८ला एका कंपनीने त्यांना नोकरीला घेतलं ते कामासाठी नाही, व्यावसायिक गटात खेळणाऱ्या संघासाठी. मुंबईत तेव्हा कबड्डीवाल्यासाठी हेच मोठं स्वप्न होतं: रेल्वे, बँक, पोलीस, एखादी कंपनी. खेळायचं त्यांच्यासाठी आणि पर्मनंट व्हायचं. पप्पा दहा वर्षं खेळले. लालबाग, नायगाव, प्रभादेवीच्या मैदानांवर. माझा जन्म १९९७चा, आणि पुढच्याच वर्षी त्यांचा उजवा गुडघा कायमचा गेला. म्हणजे मी त्यांना खेळताना पाहिलंच नाही. मी पाहिले ते कंपनीच्या स्टोअरमध्ये रजिस्टर लिहिणारे पप्पा. पुढची सव्वीस वर्षं, निवृत्त होईपर्यंत. माल आला, माल गेला, सही.

स्टोअरमधले लोक त्यांना ‘कोट्यातला’ म्हणायचे. चिडून नाही, सहजच. शाळेत असताना कंपनीच्या पूजेला गेलो होतो, तेव्हा मी स्वतः ऐकलं. पप्पांनीही ऐकलं. त्यांनी प्रसादाचा द्रोण माझ्या हातात दिला आणि म्हणाले, खा.

२०१४ला प्रो कबड्डी सुरू झाली. मी सतरा वर्षांचा. आमच्या घरी तर दिवाळीच. पप्पा टीव्हीसमोर मांडी घालून बसायचे, म्हणजे डाव्या पायाची मांडी आणि उजवा पाय लांब. त्या पहिल्या लिलावात सगळ्यात महाग गेला राकेश कुमार, १२ लाख ८० हजारांना. मी ते वाचून दाखवलं. पप्पा म्हणाले, चांगलंय, पण आमच्या वेळी नोकरी मिळायची. मॅच संपली तरी नोकरी राहायची.

मी म्हणालो, “हो, फुकटचा पगार.”

बारावीचं वर्ष होतं, कशावरून तरी डोकं फिरलेलं होतं, वगैरे कारणं देता येतील. पण मी म्हणालो, आणि थांबलो नाही. म्हणालो, हे लोक खेळतात त्याचे पैसे घेतात. तुम्ही खेळत नाही त्याचे घेता.

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. पप्पा काही बोलले नाहीत. त्यांनी आवाज थोडा वाढवला आणि चढाई बघत राहिले.

त्याच वर्षी मला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळाली. चार वर्षांची फी, लॅपटॉप, ट्रेनचा पास, कँटीनचे पैसे, सगळं त्या सपाट रेषेतून आलं. माझ्या शीटमध्ये जो भाग मी लाल केला होता, तिथे मी राहिलो, जेवलो, शिकलो. हे मला ब्रिस्बेनमध्ये, अठ्ठाविसाव्या वर्षी, सिंकसमोर उभं राहून कळलं, याची लाज वाटते.

मी लॅपटॉप उघडून शीट पुन्हा पाहिली. आता त्यात एक साधी चूक दिसत होती. मी २०१८पासून सुरुवात केली होती, कारण करार तिथून सुरू होतो. पण क्लबने दहा वर्षं देऊ केली ती कशाच्या जोरावर? २०१० ते २०१७मधल्या आदळण्याच्या जोरावर. सतराव्या वर्षापासून जे शरीर खर्च झालं, त्याचा हिशोब माझ्या शीटमध्ये नव्हताच. गुडघ्याची झीज होते विशीत आणि तिचं बिल येतं तिशीत. लांबचा करार करताना दोन्ही बाजूंना हे ठाऊक असतं. खेळाडू म्हणतो, मला उद्याची खात्री द्या. क्लब म्हणतो, मग तुझी सर्वात चांगली वर्षं आमची. ती वर्षं क्लबला मिळाली की उरलेली वर्षं आपल्याला उधळपट्टी वाटू लागतात.

आणखी एक गोष्ट शीटमध्ये नव्हती. करार केला त्याच वर्षी वर्ल्ड कप होता. टाउमालोलो न्यूझीलंडकडून खेळत आला होता, त्याने टोंगा निवडला. टोंगाने न्यूझीलंडला २८-२२ने हरवलं. दोन वर्षांनी त्या चिमुकल्या देशाने ऑस्ट्रेलियालाही हरवलं. इथे ब्रिस्बेनमध्ये टोंगन कुटुंबांच्या घरांवर, गाड्यांवर लाल झेंडे पाहिले की मला त्याचा कॉलम कुठे टाकायचा कळत नाही.

माझ्या सहकाऱ्याचा मुद्दा तरीही उरतोच. सॅलरी कॅप खरी आहे. बाहेर थांबलेलं ते विशीतलं पोरगंही खरं आहे. पप्पांच्या स्टोअरमध्येही कुणाला तरी वाटलं असेल की ही जागा माझ्या भावाला मिळाली असती. मला त्याचं उत्तर देता येत नाही. फक्त तो ग्राफ आता हसून बघता येत नाही.

गेल्या वर्षी पप्पा निवृत्त झाले आणि या वर्षी दोन महिने आई-पप्पा माझ्याकडे आले. एका शनिवारी काउबॉईजचा सामना लावला. पप्पांना नियम समजावायला मला पाच मिनिटं लागली. सहा पकडी म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. बॉल कुणाकडे आहे हे ते बघतच नव्हते. ते बघत होते पडलेला माणूस उठतो कसा.

“हा तेरा-चौदा वर्षं तरी खेळलाय,” टाउमालोलोकडे बोट दाखवून ते म्हणाले.

“पंधरा. कसं कळलं?”

“घाईने उठत नाही. पण वेळेवर उठतो.”

मी त्यांना दहा वर्षांच्या कराराचं सांगितलं. लोक काय म्हणतात तेही सांगितलं. ग्राफचं नाही सांगितलं. तेवढ्यात त्याला बाहेर बोलावलं. तो बाकावर जाऊन बसला.

“पप्पा, २०१४ला मी तुम्हाला एक बोललो होतो. पगारावरून.”

“काय बोललास?”

त्यांना खरंच आठवत नव्हतं की मला ते पुन्हा उच्चारायला लावायचं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना. मी म्हणालो, “चुकीचं बोललो होतो.”

“बरं,” ते म्हणाले. उजवा पाय त्यांनी टीपॉयखाली लांब केला, गुडघ्यावर हात ठेवला. आईने चहा आणून ठेवला. स्क्रीनवर एक तरुण पोरगा बॉल घेऊन भिंतीवर धडकला आणि खाली गेला.

थोड्या वेळाने पप्पांनी विचारलं, “हा आता परत येणार का आत?”

“येतो. या खेळात बाहेर गेलेला परत येऊ शकतो.”

“मग थांबू,” पप्पा म्हणाले, आणि चहाचा कप उचलला.