जॉबला टेकू कोणता द्यावा?

आपल्या वस्त्यांमधील कितीतरी घरे लेथ मशिनवर चालतात. घरातील माणूस सकाळी डबा घेऊन वर्कशॉपला जातो आणि संध्याकाळी काळे हात घेऊन परततो. तो दिवसभर नेमके काय करतो, हे घरच्यांना क्वचितच ठाऊक असते. "आमचे बाबा लोखंड कापतात," एवढेच मुले शाळेत सांगतात. आम्ही भोसरीच्या लहान-मोठ्या वर्कशॉपमध्ये पंचवीस वर्षे टर्नर म्हणून काम केले. आमच्या मुलांनीही हेच सांगितले होते. म्हणून आज या कामातील एका लहानशा वस्तूबद्दल आम्ही लिहीत आहोत. तिचे नाव सेंटर. वस्तू लहान, पण हेल्पर कोण आणि टर्नर कोण, हे तिच्यावरून कळते.

लेथवर जॉब फिरतो आणि टूल त्याला सोलते. आखूड जॉब चकमध्ये घट्ट पकडला की काम भागते. परंतु लांब काठी एका टोकाला धरून जोरात फिरवली, तर तिचे दुसरे टोक भिरभिरते. शाफ्टचेही तसेच आहे. चकच्या बाहेर आलेली लांबी व्यासाच्या तीन-चार पटींपेक्षा जास्त झाली, की दुसऱ्या टोकाला टेकू द्यावाच लागतो. शाफ्टच्या तोंडावर सेंटर ड्रिलने लहान खड्डा पाडायचा आणि टेलस्टॉकमध्ये बसवलेल्या सेंटरचे टोक त्या खड्ड्यात टेकवायचे. हे टोक साधारणपणे ६० अंशांचे असते, म्हणून खड्डाही ६० अंशांचाच हवा. घाईत कोणी साध्या ड्रिलने खड्डा पाडतो. साध्या ड्रिलचे तोंड ११८ अंशांचे. मग सेंटर फक्त कडेवर टेकते, कड झिजते आणि जॉब हलू लागतो.

आता प्रश्न येतो निवडीचा. टेलस्टॉकला लावायची सेंटर मुख्यतः दोन प्रकारची. एक डेड सेंटर. ते अखंड पोलादाचे असते आणि फिरत नाही. जॉब त्याच्या टोकावर घासत फिरतो. दुसरे रिव्हॉल्व्हिंग सेंटर. त्याच्या पोटात बेअरिंग असतात, त्यामुळे टोक जॉबबरोबर फिरते. नवीन मुलाला वाटते, फिरणारे ते चांगले, न फिरणारे ते जुनाट. हा समज खरा नाही.

डेड सेंटरमध्ये हलणारा भागच नाही, म्हणून त्यात चूक शिरायला जागा कमी. सिलिंड्रिकल ग्राइंडिंगमध्ये मायक्रॉनची कामे होतात, तिथे आजही जॉब दोन डेड सेंटरांच्या मध्ये धरतात, त्याचे कारण हेच. पण घासणे आले की उष्णता आली. डेड सेंटरला ग्रीस लागते, स्पीड बेताचा ठेवावा लागतो आणि मध्येमध्ये मशीन थांबवून पाहावे लागते. ग्रीस संपले तर टोक निळे पडते, जळाल्याचा वास येतो आणि सेंटर खड्ड्यात चिकटून तुटतेसुद्धा. टोकाला कार्बाइड बसवलेले डेड सेंटर जास्त टिकते, मात्र धक्का लागला की त्याचा टवका उडतो.

रिव्हॉल्व्हिंग सेंटर जास्त स्पीड सहन करते, जास्त कट घेऊ देते. रोजच्या उत्पादनाला तेच सोयीचे. पण त्याची सगळी अब्रू बेअरिंगवर. बेअरिंग गेले, की वरून चकचकीत दिसणारे सेंटर आतून लबाडी करते.

बाकीचे प्रकार विशेष कामाचे. जॉबचे तोंड फेस करताना टूल मध्यापर्यंत पोचावे म्हणून अर्धे कापलेले हाफ सेंटर. पाइपला मोठ्या तोंडाचे पाइप सेंटर. टेलस्टॉक सरकवून टेपर कापायचा असेल तर गोळीच्या टोकाचे बॉल सेंटर. फार वजनदार जॉबला ६० अंशांऐवजी ७५ किंवा ९० अंशांचे टोक. आणि शाफ्ट फारच लांब व बारीक असेल तर नुसत्या सेंटरने भागत नाही, मध्ये स्टेडी लावावी लागते.

१९९४ सालची गोष्ट सांगतो. आम्ही तेव्हा ज्या वर्कशॉपमध्ये होतो, तिथे तीन लेथ होते आणि रिव्हॉल्व्हिंग सेंटर एकच. तेच या मशिनवरून त्या मशिनवर फिरायचे. शेजारच्या मशिनवर नुकताच आयटीआय झालेला एक मुलगा होता. वडील नव्हते; आई चार घरची धुणीभांडी करायची. त्याला पंपाचे शाफ्ट दोन सेंटरांच्या मध्ये धरून टर्न करायला दिले होते. अर्धी लांबी करायची, मग शाफ्ट उलटा लावून उरलेली करायची. तपासणीत दिसले, की दोन बाजू एकमेकींशी जुळत नाहीत. एका बाजूचा मध्य एकीकडे, दुसऱ्या बाजूचा दुसरीकडे. सात शाफ्ट रिजेक्ट झाले. शेठने मुलाच्या पगारातून पैसे कापले आणि म्हणाले, "पोरगं हाताने कच्चं आहे. सोमवारपासून झाडू मारायला लावा."

आमचे मिस्त्री फारसे बोलणारे नव्हते. त्यांनी मुलाला हाक मारली, "अरे, डायल घेऊन ये." मशीन बंद होते. डायल इंडिकेटरचा काटा सेंटरच्या उतारावर टेकवून त्यांनी सेंटर हाताने सावकाश फिरवले. काटा आठ घरे सरकला. एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग. चांगल्या सेंटरवर तो एक घरही धड सरकत नाही. मग मिस्त्रींनी सेंटर काढले, टेलस्टॉकचा टेपर फडक्याने पुसला, पुन्हा बसवून पाहिले. काटा तेवढाच सरकला. म्हणजे दोष कचऱ्याचा नव्हता. शेवटी त्यांनी पेटीतून जुने डेड सेंटर काढले, ग्रीस लावले, स्पीड उतरवला आणि त्याच मुलाकडून एक शाफ्ट करवून घेतला. दोन्ही बाजू जुळल्या.

"शेठ, हात कच्चा नाही. सेंटर गेलंय," एवढेच ते म्हणाले.

पुढच्या आठवड्यात नवीन सेंटर आले. मुलाच्या हाती झाडू आला नाही. कापलेले पैसे मात्र परत मिळाले नाहीत. आम्ही दोघा-तिघांनी विचारले, तर हिशेब झाला असे उत्तर मिळाले. त्या पैशांत त्याच्या घरचे महिन्याचे रेशन आले असते. म्हणून आम्ही म्हणतो, सेंटरची परीक्षा हा केवळ कारागिरीचा भाग नाही, तो आपल्या भाकरीचा भाग आहे. ज्याला मोजता येते, त्याच्यावर दुसऱ्याचा दोष सहजासहजी लादता येत नाही.

आपल्या मुलांनी काही सवयी पहिल्या दिवसापासून लावून घ्याव्यात. सेंटरचा मागचा भाग मोर्स टेपरचा असतो. लहान लेथला दोन किंवा तीन नंबर, मोठ्याला चार, पाच. नंबर जुळल्याशिवाय सेंटर बसवू नये. बसवण्याआधी दोन्ही टेपर पुसावेत; मध्ये लोखंडाचा एक कण राहिला तरी टोक वाकडे बसते. आठवड्यातून एकदा डायल लावावा आणि आकडा तारखेसह वहीत लिहावा. टेलस्टॉक लाइनीत आहे का, हेही पाहावे. हलका कट मारून शाफ्टचा व्यास दोन्ही टोकांना मायक्रोमीटरने मोजला, की लगेच कळते.

सेंटर किती दाबायचे, हाही शिकण्याचा भाग आहे. पोलाद तापले की वाढते. अर्धा मीटर लांबीचा शाफ्ट ४० अंशांनी तापला, तर जवळजवळ पाव मिलिमीटर लांबतो. दोन्हीकडून आवळलेला शाफ्ट मग मध्ये वाकतो, सेंटरवर दाब वाढतो, बेअरिंग बसते. म्हणून जॉब तापला की मशीन थांबवून टेलस्टॉक किंचित सैल करावा व पुन्हा बेताने टेकवावा.

जिवाचीही गोष्ट आहे. खड्डा उथळ असेल किंवा टेलस्टॉकचा लॉक आवळलेला नसेल, तर फिरता जॉब उडून अंगावर येतो. कॅरिअरचा बाहेर आलेला स्क्रू शर्टाची बाही पकडतो. तेव्हा लेथवर सैल बाही, हातमोजे, अंगठी, मनगटातला दोरा नको म्हणजे नको. पूर्वी डेड सेंटरला शिशाची पांढरी पावडर तेलात कालवून लावत. शिसे हे विष आहे. हाताला लागलेले शिसे जेवताना पोटात जाते आणि कपड्यांवरून घरच्या लेकरांपर्यंत पोचते. कुठे तसला जुना डबा दिसला तर वापरू नये. जास्त दाब सहन करणारे ग्रीस बाजारात मिळते.

आज सीएनसी मशिने आली. बटण दाबले की काम होते, असे लोक म्हणतात. पण सीएनसीवरही लांब शाफ्टला सेंटरचाच टेकू लागतो आणि तिथलेही बेअरिंग झिजते. प्रोग्राम बरोबर असूनही जॉब चुकला, तर डायल लावणारा माणूस शोधावा लागतो. तो माणूस आपल्या घरातला का असू नये?

आई-वडिलांना आमची विनंती आहे. मुलगा किंवा मुलगी वर्कशॉपला जाऊ लागली, की पगार किती एवढेच विचारू नका. "आज कोणते सेंटर लावले? ते का लावले?" असेही विचारा. उत्तर तुम्हाला नाही समजले तरी चालेल. ते सांगता यावे म्हणून ती मुले शिकतील. आणि आमच्यासारख्या जुन्या टर्नरांनी आपली पेटी उघडी ठेवावी. आमच्या मिस्त्रींनी त्या मुलापासून काही लपवले नाही. आज तो एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे आणि त्याच्या हाताखालची पोरे काम सुरू करण्याआधी डायल लावतात.