वाटाड्या गप्प बसला

वाटाडे इतिहास घडाघडा म्हणून दाखवतात. (मी तरी वर्गात दुसरे काय करतो म्हणा!) नळदुर्गचा आमचा वाटाड्या मात्र निराळा. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाने १६१३ साली बोरी नदीवरच्या बांधाच्या पोटात हा पाणीमहाल बांधला, एवढे सांगून तो गप्प बसला. पावसाळा भरात होता. ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळत होते, आणि आम्ही आत कोरडे! आईला अलीकडे ऐकूच येत नाही. तिने दगडी भिंतीला तळवा टेकला. “येतोय रे आवाज,” ती म्हणाली.

ठरल्या पैशांत वाटाड्याच्या घरचे जेवणही होते: ज्वारीची भाकरी, पिठले, शेंगदाण्याची चटणी. आईने दुसरी भाकरी मागून घेतली.