आबांच्या फियाटचा खर्च

आडसालीची मोठी बांधणी गेल्या आठवड्यात उरकली, त्यावर पुढच्या वेळी लिहितो. आज पिकाचं नाही. गेली दोन वर्षं मी अधूनमधून जुन्या गाडीचे फोटो टाकतोय आणि प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, "खर्च किती आला?" एकरी खर्च लिहितो तसाच हाही लिहितो. लपवायचं काही नाही. चुकलेलंही लिहितो, कारण सगळ्यात मोठी चूक वहीत नव्हतीच.

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८४ ची. आमच्याकडं तिला पद्मिनी कुणी म्हटलं नाही, फियाटच. मुळात ती इटलीची फियाट ११००, आपल्याकडं कुर्ल्याच्या कारखान्यात बनायची. १०८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, गिअरची दांडी स्टिअरिंगजवळ. आबांनी १९९१ ला उसाच्या बिलातून सांगलीतल्या एका डॉक्टरकडून जुनी घेतली. माझं लग्न, धाकट्याचं लग्न, बहिणीची पाठवणी सगळं त्याच गाडीत. २००८ ला क्लच गेला म्हणून गोठ्याशेजारच्या शेडात लावली, २००९ ला आबा गेले आणि ती तिथंच राहिली. पंधरा पावसाळे. कोंबड्या आत अंडी घालायच्या. भंगारवाला दर वर्षी यायचा आणि किलोवर मागायचा.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी वहीत अंदाज मांडला. इंजिन ३५,०००, पत्रा आणि रंग ४०,०००, टायर-बॅटरी २०,०००, ब्रेक ८,०००, वायरिंग ६,०००, सीट १०,०००, किरकोळ ६,०००. एकूण १,२५,०००. कर्ज काढायचं नाही, पीक कर्जाला हात लावायचा नाही, उसाच्या बिलातून जमेल तसं घालायचं असं ठरवलं. घरात वही वाचून दाखवली. मालकीण एवढंच म्हणाली, "ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या ह्या वर्षी." मी म्हटलं, पुढच्या वर्षी बदलू. ही पण एक किंमतच होती, पण ती मी कुठं लिहिली नाही.

आता प्रत्यक्ष. इंजिन ४६,५००, पत्रा-रंग ९१,०००, टायर-बॅटरी २३,५००, ब्रेक १४,०००, वायरिंग ६,५००, जाणं-येणं आणि किरकोळ १७,०००. झाले १,९८,५००. सीट अजून बाकी आहे, ड्रायव्हरच्या सीटवर सध्या घोंगडं टाकलंय.

पत्र्याचं जरा सविस्तर सांगतो, कारण सगळा अंदाज तिथंच झोपला. जीपला किंवा ट्रॅक्टरला खाली दणकट सांगाडा असतो. वरचा पत्रा सडला तर सडला, गाडी उभी राहते. फियाटला वेगळी चासी नाही. तळ, दाराखालच्या पट्ट्या, बाजू हे सगळं मिळून जी पेटी होते तीच चासी. म्हणजे तळाचा पत्रा गंजला तर तो नुसता दिसण्याचा प्रश्न नाही, गाडीची ताकदच गेली. मला हे माहीत नव्हतं. मी वरून बघितलं, बॉनेट चांगलं, टप चांगलं, म्हटलं चाळीस हजारात होईल. चटई उचलली तेव्हा पायाखाली शेडातली माती दिसली. बॅटरीखालचा पत्रा, डिकीचा तळ, दोन्ही दाराखालच्या पट्ट्या, सगळं पापडासारखं.

ज्याला जुनी गाडी करायची आहे त्यानं आधी दोन गोष्टी हातात घ्याव्या. टोकदार पेचकस आणि लोहचुंबक. पेचकसानं खालून टोचत जायचं, आत गेला की तिथं खडूनं गोल करायचा. चुंबकाला फडकं गुंडाळून अंगावरनं फिरवायचं, जिथं चिकटत नाही तिथं पत्र्याच्या जागी लांबी भरलेली आहे. अर्ध्या तासाचं काम आहे, फुकट आहे. माती परीक्षण करा म्हणून मीच ह्या पेजवर सांगत असतो आणि स्वतःच्या गाडीला मात्र न तपासता डोस ठरवून मोकळा झालो.

त्यात पहिल्या रंगाऱ्यानं गंज न कापता वरून लांबी मारली. दिसायला आरशासारखं. पहिल्या पावसाळ्यात दाराखाली फोड आले, नखानं उचलला की खाली लाल भुकटी. ते २४,००० पाण्यात. नंतर एका वेल्डिंगवाल्या पोराला घरीच बोलावलं, सडकं सगळं कापून नवा पत्रा जोडला, आतल्या पोकळीत गंजरोधक मारलं, मग रंग. पोरानं एक चांगली गोष्ट केली. कापायच्या आधी गाडीला चार ठिकाणी टेकू दिले आणि दारं बंद ठेवून फटी मापल्या. नाहीतर पेटी वाकते आणि पुन्हा दार लागत नाही.

इंजिनला मला वाटला होता तेवढा त्रास झाला नाही. जाम होतं. प्लग काढून चारी सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल ओतलं, आठ दिवस तसंच ठेवलं. घाईनं स्टार्टर मारायचा नाही, रिंगा तुटतात. नवव्या दिवशी क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंचभर पुढं, इंचभर मागं असं हलवलं. दुपारी दीडला सुटलं. मग खोलून कोल्हापूरला उद्यमनगरात नेलं. तिथल्या लेथवाल्यांना ६८ मिलिमीटरचा बोअर सांगितला की गाडीचं नाव सांगावं लागत नाही. वीस थाउ ओव्हरसाइज पिस्टन बसले. काही सामान कुर्ल्याला सीएसटी रोडवरच्या जुन्या स्पेअरच्या दुकानातून आणलं. नटबोल्ट मी बियाण्याच्या रिकाम्या पुड्यांत भरून वर पेननं लिहून ठेवले होते, जोडताना एकही कमी पडला नाही. त्याचं श्रेय कांद्याच्या बियाणेवाल्यांना.

पेट्रोलच्या बाबतीत एक गंमत. आता पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यानं सुजतो, चिरतो. माझी जुनी नळी सहा महिन्यांत चिकट झाली. आपल्याच उसाचं इथेनॉल, त्यानं आपल्याच गाडीची नळी खाल्ली, भांडायचं कुणाशी? इथेनॉलला टिकणारी नळी आणि पडदा टाकला, टाकी आतून खडी-पाणी घालून हलवून धुतली. टाकीला वेल्डिंग करायचं झालं तर रिकामी आहे म्हणून चालत नाही, आतल्या वाफेनं स्फोट होतो. ते माहितगाराकडंच द्या. ब्रेकचं सगळं रबर आणि पाइप नवे टाकले, तिथं काटकसर केली नाही.

इंजिन चालू झालं त्या दिवशी आई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. मला वाटलं, जिंकलो. तेव्हा वहीत १,४२,००० झाले होते.

जून २०२५ ला कागदपत्रं घेऊन एजंटकडं गेलो. त्यानं आरसी उलटीपालटी केली आणि विचारलं, "मालक कुठं आहेत?" गाडी अजून आबांच्या नावावर. मुदत कधीच संपलेली. मालक वारला तर तीस दिवसांत कळवायचं असतं आणि तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव लावायचं असतं. मी सोळा वर्षांनी आलो होतो. मृत्यूचा दाखला, वारसांची नावं आणि बाकी वारसांची ना-हरकत. आई, बहीण, धाकटा.

आईनं लगेच अंगठा दिला. बहीण कराडला असते, ती म्हणाली, "सही करते, पण एकदा ह्याच गाडीतनं मला माहेरी न्यायला यायचं."

धाकटा पुण्यात कंपनीत खरेदी विभागात आहे. २०१२ ला वाटणी झाली तेव्हा जमीन, विहिरीच्या पाळ्या, आंब्याची झाडं, सगळं मोजलं. गाडी मोजली नव्हती. ती माझ्या बाजूच्या शेडात होती, म्हणून ती माझी, असं मी धरून चाललो होतो. फोन केला, सगळं सांगितलं. तो बराच वेळ बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, दीड लाख घालून झाल्यावर माझी आठवण आली व्हय?" आणि फोन ठेवला.

त्यानंतर जुलै गेला, ऑगस्ट गेला. मीही फोन केला नाही, हे खरं सांगतो. त्याच ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाची फी पाच हजारांवरून दहा हजार झाली. माझ्या अबोल्याचे पाच हजार. पर्यावरण कर आणि उशिराचा दंड वेगळा.

दिवाळीला तो आला. पाडव्याच्या दिवशी शेडात गेलो दोघं. त्यानं गाडीला चक्कर मारली, दार उघडलं, बसला नाही. म्हणाला, "वाटणीत गाडी का न्हाई काढलीस?" म्हटलं, "तेव्हा ती भंगार होती." "भंगार होती तर अर्धं भंगार माझं होतं की. मी ह्याच गाडीवर शिकलोय. तू न्हाई शिकवलंस, आबांनी शिकवलं." ह्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि मी दिलंही नाही. आधी एक फोन केला असता तर त्यानं नाही म्हटलं नसतं. मी विचारलं नाही कारण तो "भंगारात घाल" म्हणेल अशी भीती होती. आणि खरं म्हणजे मला ती एकट्यानं करायची होती.

मग त्यानं वही मागितली. खाली बसून ओळ न् ओळ वाचली, खरेदीतला माणूस, सवयच. शेवटी म्हणाला, "तुझी मजुरी कुठाय ह्यात?" मी दिवस मोजले होते, एकसष्ट. "धर की मग." म्हटलं, मजुरी धरली तर गाडी परवडत नाही. "ऊस तरी मजुरी धरून कुठं परवडतोय," म्हणाला आणि पहिल्यांदा हसला. भाऊबीजेनंतर तालुक्याला जाऊन त्यानं प्रतिज्ञापत्रावर सही केली. सीटचा खर्च मी करणार, ह्या अटीवर.

तेव्हा कुणी जुनी गाडी, बुलेट, ट्रॅक्टर करायला काढत असेल तर पाना उचलायच्या आधी आरसी बघा. कुणाच्या नावावर आहे आणि वारस किती आहेत ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. त्यानंतर तळाचा पत्रा, मग ब्रेक, मग इंजिन. मी बरोबर उलटं केलं. इंजिनचा आवाज आला की माणूस पुढचं काही बघत नाही.

सध्या गाडी फक्त शेडापासून विहिरीपर्यंत आपल्या रस्त्यानं जाते. डांबरीवर अजून घातली नाही, घालणारही नाही. तपासणीची तारीख पुढच्या मंगळवारची आहे, डाव्या दिव्याचा फोकस जरा खाली मारतोय, तो उद्या बघतो. ठिबकच्या नळ्या ह्या बिलातून आणल्या, रविवारी टाकायच्या आहेत.

धाकट्यानं पुण्याहून सीटच्या रेक्झिनचे तीन तुकडे पाठवलेत, काळा, तपकिरी, लाल. मूळ रंग कुठला होता ह्यावर आमचं जमत नाही. मी तपकिरी म्हणतो, तो काळा म्हणतो, आई लाल म्हणते. जुन्या फोटोत गाडी आहे, पण काचेवर ऊन चमकतंय, आतलं काही दिसत नाही.

आणि हो, मागच्या डाव्या दाराचं आतलं हँडल कुणाकडं पडलेलं असेल तर कळवा. मोडकं नको.