ग्वांगझूचा ओला उन्हाळा

नागपूरच्या उन्हात वाढलेल्या मला ग्वांगझूचा उन्हाळा नव्याने समजून घ्यावा लागला. आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, पण हवा कोरडी. घाम येतो तसा वाळतो, वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारलं की खोली गार होते. दक्षिण चीनमधल्या या शहरात पारा ३४-३५ च्या आसपासच असतो. हवेत मात्र एवढी वाफ, की घाम अंगावरून हलत नाही. कपाटातल्या चपलांना बुरशी येते. इथल्या पहिल्याच जुलैत माझी भूक मेली, पाय जड झाले.

सत्तरीच्या घरमालकीणबाईंनी मला जीभ दाखवायला लावली. "उष्णतेचं नंतर बघू," त्या म्हणाल्या, "तुझ्या अंगात ओल शिरलीय."

चिनी पारंपरिक वैद्यक बाहेरून येणाऱ्या आजारांची सहा कारणं मानतं: वारा, थंडी, उन्हाळ्याचा ताप, ओल, कोरडेपणा आणि आग. ग्वांगझूत या सगळ्यांत ओलीचा धाक जास्त. त्यामुळे फ्रीजमधली बाटली बाईंनी आधी बंद केली. उन्हाळ्यात शरीराची ऊब कातडीकडे धावते, पोट आतून गार आणि दुबळं राहतं, त्यावर बर्फाचं पाणी ओतायचं नाही, हे त्यांचं म्हणणं. प्यायचं ते कोमट पाणी. सकाळच्या जेवणात आलं हवंच, रात्री नको.

मग त्यांनी सूप शिकवलं. कोहळा सालासकट चिरायचा. त्यात यीमी नावाचे पांढरे टपोरे दाणे आणि संत्र्याची वाळवलेली साल घालून मंद आचेवर दोन तास ठेवायचं. त्या यात डुकराची हाडं घालतात. माझ्यासाठी वेगळं भांडं चढवत. पण मला खरं आश्चर्य वाटलं ते मुगाचं. हिरवे मूग खडीसाखर घालून शिजवतात, आणि त्यात एका झुडपाची बारीक पानं टाकतात. झाकण उघडलं आणि उग्र वास आला, तो थेट सतापेचा. लहान मुलांसाठी आजी कुंडीत लावायची तीच सताप! मी दोन वाट्या प्यायले.

सर्वांत कडक उन्हाळा इथे पंचांगावरून ठरतो, त्याला सानफू म्हणतात. जूनमधल्या सर्वांत मोठ्या दिवसानंतर, दहा दिवसांच्या चक्रातला 'गंग' हा दिवस तिसऱ्यांदा आला की तो लागतो आणि ३० किंवा ४० दिवस चालतो. याच दिवसांत पाठीवर औषधी लेप लावतात. हिवाळ्यातल्या दुखण्यावर उन्हाळ्यातच इलाज करायचा, अशी त्यामागे धारणा. बाईंना थंडीत खोकला धरतो, म्हणून मी त्यांच्यासोबत रुग्णालयात गेले. रांगेत म्हातारी माणसं आणि शाळकरी मुलं, सगळ्यांच्या पाठी उघड्या. पांढऱ्या मोहरीची आणि इतर औषधांची पूड आल्याच्या रसात कालवून तिचे रुपयाएवढे ठिपके मणक्याच्या दोन्ही बाजूंना चिकटवत होते. काही वेळाने बाईंच्या पाठीवर लाल वर्तुळं उमटली. चुरचुर वाढली तर लगेच काढायचं आणि त्या दिवशी थंड काही घ्यायचं नाही, ही ताकीद मिळाली. या लेपाने खोकला जातो असं मी म्हणणार नाही. पण थंडीची काळजी भर उन्हाळ्यात घेणारी ही शिस्त मला मनापासून आवडते. आणि एक गोष्ट बाईही निक्षून सांगतात: उन्हाने कुणी भोवळ येऊन पडलं, बरळू लागलं, तर काढे उकळत बसू नका, अँब्युलन्स बोलवा.

काढ्यांची दुकानं मात्र गल्लोगल्ली. या काढ्यांना इथे 'चहा'च म्हणतात, आणि २००६ साली चीनने त्यांना राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं. काउंटरवर भोपळ्याच्या आकाराचं चकचकीत पितळी भांडं, शेजारी झाकलेल्या वाट्या. लिची खूप खाऊन माझं तोंड आलं तेव्हा दुकानदाराने काळाकुट्ट काढा दिला, कारल्याहून कडू, आणि वर चघळायला खारवलेला आलुबुखार.

पुढे एकदा नुसता थकवा आला म्हणून मी तोच मागितला. तहान कशी आहे, पोट कसं आहे, त्याने विचारलं. पोट सैल आहे म्हटल्यावर त्याने वाटी परत झाकली. "हा तुला फार थंड पडेल. घरी जा, मीठ घालून भाताची पेज पी आणि दुपारी झोप." पैसे घ्यायलाही तो तयार झाला नाही.