परवान्याआधी शेजाऱ्याला विचारा

एखाद्या रेस्टॉरंटला दारू विकू द्यायची की नाही, असा विषय निघाला की आपल्याकडे वाद लगेच दारूच्या बऱ्यावाईटावर जातो. उद्ध्वस्त झालेले संसार, शासनाचा महसूल, दारूबंदीची दिशा सांगणारा संविधानाचा अनुच्छेद 47 असे सगळे मुद्दे एकदम पुढे येतात. ज्या इमारतीच्या तळमजल्यावर ते रेस्टॉरंट उघडणार आहे, तिच्या दुसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याच्या झोपेबद्दल मात्र कुणी बोलत नाही. परवाना कायद्यांचा अभ्यासक म्हणून मला इंग्लंडची पद्धत मोलाची वाटते ती याचमुळे. तिथे वाद निर्माण झालेला असा अर्ज स्थानिक कौन्सिलच्या तीन निवडून आलेल्या सदस्यांपुढे येतो. दारू चांगली की वाईट, याचा निवाडा त्यांच्याकडे नसतो. या जागी, इतक्या वाजेपर्यंत, अमुक अटींवर ती विकली तर आजूबाजूला काय होईल, एवढेच त्यांनी ठरवायचे असते. परवान्याचा खरा प्रश्न हाच आहे, आणि तो परवाना देण्याआधी, शेजाऱ्यांच्या देखत विचारला गेला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये 2005 पर्यंत हे काम मॅजिस्ट्रेट करत. लायसन्सिंग ॲक्ट 2003 लागू झाला आणि ते कौन्सिलकडे आले. अर्जदाराने अर्जासोबत आपण धंदा कसा चालवणार याचा आराखडा द्यायचा: वेळा, बसण्याची जागा, गोंगाट आणि भांडणे होऊ नयेत म्हणून काय करणार, लहान मुलांची काळजी कशी घेणार. मग दर्शनी जागी फिकट निळ्या कागदावरची नोटीस लावायची. कागद किमान ए-फोर आकाराचा, अक्षरे 16 पॉइंटांपेक्षा लहान नकोत, आणि फुटपाथवरून जाणाऱ्याला ती सहज वाचता आली पाहिजे. कागदाच्या रंगापासून अक्षरांच्या आकारापर्यंत कायद्याने इतके बारकाईने सांगितले आहे, याचे मला फार महत्त्व वाटते. कारण नोटीस वाचताच आली नाही तर हरकतीचा हक्क कागदावरच राहतो. हरकतीला 28 दिवस मिळतात. पोलीस, अग्निशमन दल, पर्यावरण-आरोग्य विभाग यांच्याप्रमाणेच कोणताही सामान्य माणूस ती घेऊ शकतो. पूर्वी त्याला आपण त्याच परिसरातले आहोत हे दाखवावे लागे, ती अट पुढे काढून टाकण्यात आली. कुणीच हरकत घेतली नाही तर कौन्सिलला परवाना द्यावाच लागतो. स्वतःच्या नावडीवरून तो अडवता येत नाही.

हरकत आली की सुनावणी होते, पण हरकत कशावरही घेता येत नाही. गुन्हेगारी आणि बेबंदपणा रोखणे, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणे आणि मुलांचे रक्षण या चार उद्दिष्टांपैकी एकाशी तरी तिचा संबंध असावा लागतो. ‘गल्लीत आधीच चार बार आहेत, पाचवा कशाला’ किंवा ‘माझा धंदा बसेल’ हे मुद्दे तिथे चालत नाहीत. ‘माझ्या खिडकीखाली रात्री साडेबारा वाजता गिऱ्हाईक टॅक्सीची वाट बघत उभे राहील’ हा चालतो, आणि त्याला उत्तरही तितकेच नेमके देता येते: बाहेरची टेबले रात्री लवकर आत घ्यायची, ठरल्या वेळेनंतर खिडक्या बंद, रिकाम्या बाटल्या रात्री कचरापेटीत ओतायच्या नाहीत. लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने रेस्टॉरंटसाठी एक ठरावीक अट तयार ठेवली आहे. गिऱ्हाइकाने टेबलावर बसायचे, दारू वेटरनेच आणून द्यायची, आणि जो बसून खरोखर पोटभर जेवतो आहे त्यालाच ती मिळायची. ही एक अट पाळली की रेस्टॉरंटच्या आडून बार चालवता येत नाही. हो किंवा नाही यांच्या मधली एवढी मोठी जागा आपल्या चर्चेत जवळजवळ रिकामी असते.

पुराव्याबाबतही तिथली न्यायालये स्पष्ट आहेत. विरल इथल्या एका हॉटेलला कौन्सिलने दिलेल्या वाढीव वेळा रहिवाशांच्या अपिलावरून मॅजिस्ट्रेटनी कमी केल्या, तेव्हा 2008 मध्ये उच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. वाढीव वेळा आधीच सुरू होत्या आणि भीती वाटत होती तसे काही घडल्याचे दिसत नव्हते. उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. लंडनच्या सोहो भागातील एका पबबाहेर पिणाऱ्यांच्या गर्दीचा आणि आवाजाचा त्रास वाढला, तेव्हा कौन्सिलने परवान्याचा फेरविचार करून संध्याकाळी सहानंतर ग्लास घेऊन बाहेर जाण्यास बंदी घातली. ते प्रकरण वरपर्यंत गेले. त्या जागी किती त्रास सोसणे वाजवी आहे, याचे मोजमाप लोकनियुक्त कौन्सिलने करणे योग्यच आहे, आणि अपील ऐकणाऱ्याने त्याला वजन दिले पाहिजे, हे 2011 च्या निकालातून पक्के झाले. नुसत्या भीतीला थारा नाही, पण प्रत्यक्ष त्रास सिद्ध झाला तर परवाना मिळाल्यानंतरही दार उघडे आहे.

या पद्धतीवर गंभीर आक्षेप आहेत. पहिला असा की ज्यांना अर्ज, नियम आणि इंग्रजी सफाईने हाताळता येते त्या सुखवस्तू वस्त्यांचाच आवाज ऐकू जातो. हे बऱ्याच अंशी खरे आहे, आणि म्हणूनच पोलीस आणि पर्यावरण-आरोग्य विभाग यांना स्वतःहून बोलण्याचा अधिकार असणे अत्यावश्यक ठरते. दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. चार उद्दिष्टांत सार्वजनिक आरोग्य नाही. पोलिसांना तसदी न देता शांतपणे यकृत नासवणारी दारू या चौकटीत दिसतच नाही. स्कॉटलंडने आपल्या कायद्यात आरोग्य हे पाचवे उद्दिष्ट घातले, ते योग्यच केले. मात्र एका रेस्टॉरंटमुळे एका गल्लीचे आरोग्य किती ढासळले हे सिद्ध करणे अवघड असते. आरोग्याचा मुद्दा एकेका अर्जापेक्षा संपूर्ण परिसराच्या धोरणात अधिक प्रभावी ठरतो. एका भागात परवान्यांची दाटी झाली की ‘एकत्रित परिणाम’ दाखवून नव्या अर्जदारावर अधिक कडक कसोटी लावण्याची सोय इंग्लंडच्या कायद्यात आहे. पूर्व लंडनच्या ब्रिक लेनवर, जिथे बांगलादेशी मालकांची रेस्टॉरंट ओळीने आहेत, टॉवर हॅम्लेट्स कौन्सिलने ती वापरली आहे.

महाराष्ट्रात परवाना जिल्हाधिकारी आणि राज्य उत्पादन शुल्क विभाग यांच्या हाती असतो. शाळा, प्रार्थनास्थळ यांच्यापासूनचे अंतर मोजले जाते, पण वेळ, आवाज, बाहेरची गर्दी यांवर शेजाऱ्यांना आधी बोलवून अर्जदारासमोर ऐकून घेण्याची रीत नाही. मतदानातून लोकांचा कौल येतो तो दुकान सुरू झाल्यावर. 2008 च्या आदेशानुसार गावातील किंवा वॉर्डातील 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी मागणी केली तर गुप्त मतदान होते आणि उभी बाटली (दुकान चालू) की आडवी (बंद), हे ठरते. बायांनी गावोगाव केलेल्या त्या लढ्यांबद्दल मला नितांत आदर आहे. पण त्या आदेशानुसार दुकान बंद व्हायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते लागतात. कामावर गेलेली, माहेरी गेलेली, घरातून बाहेर पडू न दिलेली प्रत्येक बाई त्यामुळे दुकानाच्या बाजूने मोजली जाते. शिवाय निवड दोनच: चालू ठेवा किंवा बंद करा. रात्री दहाला बंद कर, रस्त्याकडचे दार लाव, असे सांगायला त्या मतपत्रिकेवर जागा नाही.

इंग्लंडप्रमाणे परवान्याचा निर्णय नगरसेवकांच्या हाती दिला तर सौदेबाजी वाढेल, ही भीती मी हलक्यात घेत नाही. सौदेबाजी बंद दाराआड होते. जिथे हरकत लेखी, सुनावणी उघडी आणि निकालाची कारणे लिहून द्यावी लागतात, तिथे ती निदान अवघड होते, आणि अपिलाला हातात कागद मिळतो. निर्णयाचा अधिकार नगरसेवकांना लगेच द्यावा असा माझा आग्रहही नाही. जिल्हाधिकाऱ्यांनीच निर्णय घ्यावा, पण त्याआधी नियोजित रेस्टॉरंटच्या दारावर 28 दिवस मराठीत मोठ्या अक्षरांत नोटीस लागावी, रहिवाशांच्या हरकती अर्जदारासमोर ऐकल्या जाव्यात आणि परवान्यावर त्या जागेपुरत्या अटी लिहिल्या जाव्यात. नियमांत बदल करून शासन हे करू शकते. त्यासाठी दारूबंदीच्या वादाचा निकाल लागेपर्यंत थांबण्याचे कारण नाही.