वाळूज की चाकण?

पोटासाठी गाव सोडणे आपल्या लोकांना नवे नाही. आमचे आजोबा भंडाऱ्याकडून नागपुरात आले आणि एम्प्रेस मिलमध्ये लागले. बाबा, तुला कोणते शहर हवे, असे त्यांना कोणी विचारले नव्हते. आम्हाला मात्र कंपनीने विचारले, आणि तिथूनच घरात भांडण सुरू झाले.

मे २०२५ मध्ये हिंगण्याच्या कारखान्यात नोटीस लागली. आमचे खाते बंद होणार होते. जुन्या कामगारांना दोन जागा दिल्या होत्या : छत्रपती संभाजीनगरचे वाळूज किंवा पुण्याजवळचे चाकण. पंधरा दिवसांत लिहून द्यायचे. चाकणला पगार चार हजारांनी जास्त. इथे आम्ही म्हणजे नवरा आणि बायको. एकाने लिहायचे आणि दुसऱ्याने मागे उभे राहून चुका काढायच्या, असे हे लिखाण आहे.

खरे सांगायचे तर घरून निघताना आमचे चाकण ठरलेच होते. सगळे नातेवाईक एकच सांगत होते, पुणे ते पुणे! तरी म्हटले, भाजी घेतानाही आपण हातात घेऊन बघतो, मग शहर का बघू नये? लेकीची बारावी सायन्सची परीक्षा पास झाली होती, तिलाही बरोबर घेतले. आईला इंदोऱ्याचे घर सोडायचे नव्हते, ती राहिली. जाताना तिने बजावले, समृद्धीच्या बसमध्ये झोपू नका. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ बस पेटून प्रवासी होरपळले, ते तिच्या मनातून जात नाही. आम्हीही रात्रभर जागेच होतो.

पहाटे संभाजीनगरला उतरलो. जो भेटे तो अजिंठा-वेरूळ बघा म्हणे. आम्हाला बघायची होती भाड्याची खोली, नळ आणि संडास. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे, त्याच्या आसपास बजाजनगर, रांजणगाव अशी कामगारांची वस्ती वाढत गेली आहे. मराठवाड्यातले लोक जास्त, विदर्भातलेही बरेच. रांजणगावात दोन खोल्या साडेपाच हजारांत मिळत होत्या, डिपॉझिट अकरा हजार. कारखान्यापर्यंत सायकलने पंधरा मिनिटे. एवढे बघून आम्ही खूष झालो. मग प्रत्येक दारासमोर निळे ड्रम दिसू लागले.

एका बाईंना विचारले, तर त्या हसल्या. नळ चौथ्या दिवशी, उन्हाळ्यात त्याचाही भरवसा नाही, मग टँकर. शहरातही तीच रड. पैठणचे नाथसागर धरण पन्नासेक किलोमीटरवर आहे. धरणात पाणी असते, पण ते शहरात आणणाऱ्या जुन्या जलवाहिन्या वाढत्या वस्तीला पुरत नाहीत. मोठ्या नव्या जलवाहिनीचे काम बरीच वर्षे चाललेले आहे. पाणी भरण्यासाठी कोण जागणार, हा प्रश्न आमच्यातल्या एकीने तिथल्या तिथेच विचारला. दुसऱ्याला उत्तर देता आले नाही.

दुपारी नागसेनवनात गेलो. डॉ. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली इथे महाविद्यालय सुरू केले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते मिलिंदच्या इमारतीची पायाभरणी झाली. हे सारे आम्हाला पुस्तकातून माहीत होते. पाहिल्यावर प्रथम जाणवली ती झाडांची सावली, मग काही इमारतींची उडालेली रया. लेक मात्र फाटकातूनच गप्प झाली होती. ऑफिसच्या खिडकीशी जाऊन तिने बी. एस्सी.च्या प्रवेशाचे स्वतःच विचारले. पुढे विद्यापीठाच्या दारात आम्ही थोडा वेळ उभे राहिलो. त्या दारावरच्या नावासाठी १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत लोकांनी काय काय सोसले, ते तिला पहिल्यांदाच सविस्तर सांगितले. घरी टीव्हीसमोर हे कधी सांगून झाले नसते.

दुसऱ्या दिवशी एस.टी.ने अहिल्यानगरमार्गे पुणे. वाकडेवाडीला उतरून मेट्रोने पिंपरीला गेलो. नागपूरला मेट्रो असल्याने तिचे अप्रूप वाटले नाही. थोरल्या ताई चिखलीला राहतात, मुक्काम त्यांच्याकडे. भाऊजी चाकणलाच आहेत. सकाळी पावणेसहाला त्यांच्या मागे गाडीवर बसून एकजण चाकण बघायला गेला. जाताना ठीक होते. पाळी सुटल्यावर तळेगाव चौकापासून मोशीपर्यंत यायला दीड तास लागला. ट्रक, कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि त्यांच्यामधून धूर गिळत जाणारे आपल्यासारखे. भाऊजी म्हणाले, “आज लवकर आलो.” ते चेष्टेत बोलले असे वाटले होते. ताईंनी सांगितले, चेष्टा नाही.

इकडे दोघी मायलेकी ताईंबरोबर खोल्या बघत होत्या. एका ठिकाणी घरमालकीणबाईंनी ओटा दाखवला, नळाला चोवीस तास पाणी येते म्हणाल्या, चहासुद्धा दिला. मग आडनाव विचारले. आडनावावरून कळेना म्हणून गाव, गावावरून कळेना म्हणून, “म्हणजे तुम्ही कोणापैकी?” आम्ही सरळ सांगितले. संध्याकाळी फोन आला, खोलीत पुतण्या राहायला येणार आहे. लेक म्हणाली, “आई, यापुढे दारातच जयभीम म्हणायचं. चहा वाया जात नाही.” यावरून पुण्याला नावे ठेवायची असे नाही. संभाजीनगरलाही शहरात एकाने “शाकाहारी आहात ना?” इथूनच सुरुवात केली होती. या विषयात दोन्ही शहरांना आमच्याकडून सारखेच मार्क. पुढची खोली मिळाली ती ताईंच्या ओळखीने, आपल्याच वस्तीत. भाडे साडेनऊ हजार, डिपॉझिट पन्नास हजार.

रविवारी देहूरोडला जाऊन आलो. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी स्वतः बुद्धमूर्ती बसवली ते हे विहार. परत आल्यावर ताईंच्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर हिशेब मांडला. वाढलेले चार हजार भाड्यातच जात होते. पेट्रोल वेगळे, रस्त्यातले रोजचे तीन तास वेगळे. आईला काही झाले तर नागपूरला पोचायला गाडीत पंधरा-सतरा तास. संभाजीनगरहून रात्री बसले की सकाळी आईजवळ.

पण भाऊजींचे म्हणणेही खोटे नव्हते. “ही कंपनी उद्या पुन्हा बंद झाली तर? चाकणला शेजारच्या फाटकावर उभं राहता येतं. वाळूजला किती फाटकं आहेत?” आणि शिवणकामाचे काय? चिखलीत ब्लाऊजचे अडीचशे मिळतात, रांजणगावात दीडशे सांगितले. म्हणजे एकाच्या सोयीसाठी दुसरीची कमाई कमी. त्यावर त्या रात्री आमची वादावादी झाली, ताईंना मधे पडावे लागले. अखेर शिवणकाम करणारीच म्हणाली, “रोज तीन तास रस्त्यावर घालवून आलेला माणूस घरात असून नसल्यासारखाच. वाळूज लिहा. पण पाणी मी एकटी भरणार नाही.” भाऊजींच्या प्रश्नाला आमच्याकडे अजून उत्तर नाही.

जूनमध्ये सामान हलवले. लेकीला नागसेनवनात प्रवेश मिळाला, ती सिटी बसने जाते. पहिल्या महिन्यात शिवायला तीनच ब्लाऊज आले, आता बरे आहे. नव्या घरासाठी पहिली खरेदी झाली ती दोनशे लिटरच्या दोन ड्रमची. नळ पहाटे तीनला येतो. पाळीप्रमाणे एकदा एकजण उठतो, एकदा दुसरा. इंदोऱ्याहून आईचा फोन आला की ती तब्येत विचारत नाही, जेवण विचारत नाही. आधी विचारते, “पाणी आलं का रे बाप्पा?”